खजुराचे बार सकाळी दगड का होतात?

ताई, तुमचा प्रश्न वाचून माझे सुरुवातीचे तीन घाणे आठवले. तिन्ही शेवटी गाईपुढे गेले होते, आणि तिसऱ्या दिवशी गाईनेही तोंड फिरवलं होतं.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दिग्रसजवळच्या खेड्यात राहता, घरी नवा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) आलाय. जुन्या पद्धतीचे, चावताना दाताला थोडी ओढ देणारे खजुराचे बार करायचे होते. कृतीत १७५ अंशांवर २५ मिनिटं लिहिली होती, पण टूथपिक दर वेळी चिकट निघाली म्हणून तुम्ही ४५ मिनिटं ठेवले. रात्री बरे लागले, सकाळी खलबत्त्यात फोडायची वेळ आली. किलोभर खजूर गेला. पुढचा घाणा बिनअंड्याचा हवा, कारण सासूबाई अंडं खात नाहीत, आणि त्यातले काही अमरावतीला वसतिगृहात असलेल्या मुलाला पाठवायचेत. शेवटी विचारलंय की बेकिंग पावडर कमी पडली का.

बेकिंग पावडरचा यात काही दोष नाही. तुम्हाला त्या टूथपिकने फसवलं. केकला ती ठीक आहे, पण खजुराच्या बारमध्ये खुपसली की ती कुठल्या ना कुठल्या खजुराच्या तुकड्यातून जाणारच आणि चिकट निघणारच. पाऊण तास भाजा नाहीतर दोन तास भाजा. तुम्ही कोरड्या काडीची वाट पाहत बसलात आणि आतलं पाणी तोवर उडून गेलं. मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या अलीकडे राहते आणि सोळा वर्षं घरून ऑर्डरी घेते. ह्या बारमध्ये मी काडी घालतच नाही. काय बघते ते पुढे सांगते.

त्याआधी एक शब्दाची अडचण. दाताला ओढ देणाऱ्या, चघळत खायच्या पदार्थाला आपल्याकडे कौतुकाचा शब्दच नाही. पापड किंवा चिवडा सादळला की आपण त्याला ‘वातड’ म्हणतो, आणि ती तक्रार असते. मी पहिल्यांदा नीट जमलेले बार घरात ठेवले तेव्हा सासूबाईंनी एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाल्या, “चव बरी हाये, पण इतकं वातड काऊन केलं वं?” नानखटाईवर वाढलेल्या जिभेला बिस्किट खुसखुशीतच हवं असतं. म्हणून पहिल्यांदा खायला देताना हे बिस्किट आहे असं सांगूच नका. वडी आहे म्हणून द्या. हे मी गमतीने सांगत नाही, सगळी मेख त्यातच आहे.

हिशोब करून बघा. जुन्या पद्धतीच्या ८ इंची चौकोनी डब्याच्या घाण्यात २०० ग्रॅम खजूर, १५० ग्रॅम साखर आणि जेमतेम ९० ग्रॅम मैदा असतो. खजुरात वजनाच्या निम्म्याहून बरीच जास्त साखर असते, साधारण दोन तृतीयांश धरू. म्हणजे खजुरातून १३० ग्रॅम, वरची १५०, मिळून २८० ग्रॅम साखर आणि पीठ तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. आता हा पिठाचा पदार्थ झाला की साखरेचा? संक्रांतीला तिळाची वडी करताना आपण पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघतो. त्याची मऊ गोळी झाली तर वडी मऊ, थेंब ताटलीवर टण्ण वाजला तर चिक्की. गूळ तोच, तीळ तेच. फरक फक्त पाकात किती पाणी उरलं याचा. तुमच्या डब्यात तेच झालं. २५ मिनिटांना मऊ वडीचा पाक होता, ४५ मिनिटांना चिक्कीचा. रात्री बरे लागले कारण गरम पाक मऊच असतो. निवला की त्याचं खरं रूप दिसतं.

ओटीजी किती वाजता लावला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण संध्याकाळी सात-आठला लावला असेल तर आणखी एक गोष्ट धरा. आमच्याकडे त्या वेळी व्होल्टेज कधी कधी १८० पर्यंत उतरतं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे २३० ला १५०० वॉट देणारा ओटीजी १८० ला साधारण ९०० वॉटच देतो. काटा १७५ वर असला तरी आत तेवढं तापायला फार वेळ लागतो. त्यात टूथपिकसाठी दर पाच मिनिटांनी दार उघडलं की उरलीसुरली उष्णताही बाहेर. हळूहळू भाजलेला बार तपकिरी व्हायच्या आत वाळून जातो. मी सगळं भाजणं पहाटे उरकते. तेव्हा वीज बरी असते आणि उन्हाळ्यात स्वयंपाकघरात उभंही राहवतं. शंभर गोष्टी घेण्याआधी आत ठेवायचा एक ओव्हन थर्मामीटर घ्या. माझ्या पहिल्या ओटीजीचा काटा १७५ दाखवायचा तेव्हा आत १९० असायचं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

आता खजूर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तालुक्याच्या बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला काळा, मऊ, रसरशीत इराणी खजूर, खोक्यात येतो आणि दुकानदार फ्रीजमध्ये ठेवतो. नुसता खायला त्याच्यासारखा नाही, पण बारच्या मिश्रणात तो विरघळून जातो आणि तुकडा म्हणून उरतच नाही. दुसरा बिया काढून दाबून भरलेला, पाकिटातला. दिसायला गरीब, पण कापून घालायच्या बारला हाच बरा, कारण त्यात पाणी कमी असतं आणि भाजल्यावरही तुकडा तुकड्यासारखा राहतो. तिसरी खारीक. बाळंतिणीच्या लाडवांमुळे ती आपल्या घरात असतेच, म्हणून अनेकजणी तीच कापून घालतात. कोरडी खारीक मिश्रणातलं पाणी ओढून घेते आणि बार आतून सुकतो. खारीकच वापरायची असेल तर बी काढून, बारीक चिरून रात्रभर कोमट दुधात भिजवा आणि सकाळी चाळणीवर निथळून घ्या.

‘बिया काढलेला’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर बोटांनी चेपून बघा. एकदा मी कंटाळा केला आणि सासऱ्यांची दाढ गेली. लग्नघरची ऑर्डर होती, त्यातला एकच जास्तीचा बार घरी राहिला होता आणि बी नेमकी त्यातच निघाली. दुसऱ्या कुणाच्या दाताखाली आली नाही हे नशीब.

चिरताना सुरीला खजूर चिकटतो, त्यापेक्षा कात्री बरी. पात्यांना तेलाचं बोट लावा आणि एका खजुराचे चार-पाच तुकडे करा, फार बारीक नको. मोजून घेतलेल्या मैद्यातलाच एक चमचा त्यांच्यावर भुरभुरून हाताने मोकळे करा. नाहीतर सगळे तुकडे एका कोपऱ्यात गोळा होतात आणि उरलेला बार नुसता गोड केक लागतो.

तुमच्या कृतीत लोणी नव्हतं आणि ते राहून गेलं असावं अशी शंका तुम्ही घेतलीय. राहून गेलेलं नाही. खजुराचा बार या एका नावाखाली दोन वेगळे पदार्थ चालतात. एकात वर-खाली लोणी घातलेला ओट्सचा चुरा आणि मध्ये शिजवलेला खजूर असतो. कॅनडाच्या पश्चिम भागात त्याला मॅट्रिमोनियल केक म्हणतात, लग्नाशी त्याचा काय संबंध ते त्यांनाच ठाऊक. तो भुसभुशीत असतो. दुसरा तुमचा: अंडी, साखर, थोडं पीठ, खजूर, सुकामेवा आणि लोण्याचा थेंब नाही. तूप-लोणी पिठाच्या कणांना वेगळं ठेवतं, म्हणून नानखटाई तोंडात विरघळते. आपल्याला इथे विरघळायला नको, ओढ हवी. तेव्हा ‘थोडं तूप घातलं तर मऊ राहील’ हा शेजारचा सल्ला ऐकू नका. तूप घालून बार भुरभुरीत होतो, ओढ येत नाही.

अंड्यांचा मूळ घाणा आधी सांगते, कारण बिनअंड्याचा त्याच्यावरच बेतलाय. दोन अंडी आणि १५० ग्रॅम साखर दोन-तीन मिनिटं फेटा, रंग फिकट होईपर्यंत. फेस उभा करायचा नाही. ९० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ चाळून घाला. मीठ वगळू नका, नाहीतर बार नुसता गोडमिट्ट लागतो. सराट्याने वरखाली करा, मग २०० ग्रॅम खजूर आणि १०० ग्रॅम काजू-अक्रोड किंवा सरळ भाजलेले शेंगदाणे. आमच्याकडे शेंगदाण्याचेच जास्त खपतात आणि मलाही तेच आवडतात. चारोळी मिळाली तर मूठभर घालते. मिश्रण घट्ट आणि चिकट दिसतं, चमच्यावरून सहज पडत नाही. ते तसंच हवं, घाबरून दूध घालू नका. डब्याला बटर पेपर लावायला विसरू नका. विसरलात तर बार डब्यासकट ठेवावे लागतील.

ओव्हन १७० अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापवून घ्या. डबा काळ्या रंगाचा असेल तर १६० पुरे, कारण तो जास्त तापतो आणि खजुरातली साखर बरीचशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते आणि फ्रुक्टोज साध्या साखरेच्या आधी तांबूस होतं. बाविसाव्या मिनिटापर्यंत दार उघडू नका. मग बघायचं ते असं: वरचा पापुद्रा मंद चकाकणारा, कागदासारखा आणि बारीक तडे गेलेला दिसतो. कडा डब्यापासून केसभर सुटलेल्या असतात. मध्यभागी बोटाने हलकं दाबलं की खड्डा पडतो आणि तो अर्धाच भरून येतो. पूर्ण भरून आला तर उशीर झालाय. खड्ड्यात बोट ओलं झालं तर आणखी तीन मिनिटं द्या. तुमच्या ओव्हनमध्ये हे चोविसाव्या मिनिटाला होईल की तिसाव्या, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. एकदा नीट जमलं की मिनिटं भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या भिंतीवर उन्हाळा आणि हिवाळा असे दोन आकडे आहेत.

बाहेर काढल्यावर ते कच्चे वाटतात. वाटू द्या. डबा गरम असतो आणि आतलं भाजणं आणखी थोडा वेळ चालू राहतं. कोमट असताना कागदासकट उचलून, पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने कापा. पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर वरचा पापुद्रा तुटून येतो.

आता तुमच्या सासूबाईंचे बार. अंडं दोन कामं करतं, मिश्रण बांधतं आणि थोडं फुगवतं. बांधायचं काम जवस करतं, आणि चटणीमुळे जवस आपल्या घरात असतंच. मी कच्चंच दळते, भाजलेल्याने बारला चटणीचा वास येतो. दोन मोठे चमचे जवसाची पूड पाच मोठे चमचे पाण्यात भिजवून पंधरा मिनिटं ठेवा. बोटांत धरल्यावर तार सुटेल इतकं बुळबुळीत झालं पाहिजे. झालं नाही तर पूड जाड राहिलीय, पुन्हा दळा. फुगवायला दोन मोठे चमचे ताजं दही आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा, शिवाय अर्धा चमचा बेकिंग पावडर. जवसाने पुरेशी ओढ येत नाही म्हणून अर्ध्या खजुराचे तुकडे ठेवते आणि अर्धा खजूर दोन चमचे गरम पाण्यात कुस्करून लगदा करते. पीठ ११० ग्रॅम घ्या, त्यात निम्मी कणीक चालते. कणकेतला कोंडा पाणी हळूहळू पितो, म्हणून मिश्रण वीस मिनिटं झाकून ठेवून मग डब्यात घाला. इथे मात्र एक मोठा चमचा तेल घालते, कारण अंड्याच्या बलकातला स्निग्धपणा गेलेला असतो. एवढ्याने ओढ बिघडत नाही.

साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर ह्याच घाण्यात घाला. तो किसून, चाळून घ्या, नाहीतर गुळाचे खडे खाली बसून जळतात. साध्या साखरेचा पाक निवल्यावर पुन्हा दाणेदार व्हायला बघतो, म्हणून तर आपण पाकात लिंबू पिळतो. गुळात ती खोड कमी असते आणि तो ओलावाही धरून ठेवतो, त्यामुळे बार दोन दिवस जास्त मऊ राहतात. बिनअंड्याचे बार १६५ अंशांवर तीस मिनिटांच्या आसपास होतात. वरचा चकाकणारा पापुद्रा येत नाही, त्याची वाट बघू नका. फक्त कडा आणि बोटाचा खड्डा बघा. ते अंड्यांच्या बारपेक्षा दाट आणि थोडे बुटके होतात हे खरं, पण सासूबाईंना शेजारी ठेवून तुलना करायची नसेल.

वीज गेली तर जाड बुडाचा जुना गंज, म्हणजे पातेलं, घ्या. कुकर शक्यतो नको, कोरडा तापवून त्याचं बूड खराब होतं. गंजात दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर तिवई, वर झाकण. मध्यम आचेवर बारा मिनिटं तापवा, मग डबा ठेवून आच मंद करा. झाकणाला आतून कापड बांधा आणि त्याची टोकं वर गाठ मारून ज्योतीपासून लांब ठेवा, म्हणजे वाफेचे थेंब बारवर पडत नाहीत. चाळीस मिनिटांच्या आसपास लागतील. वरचा रंग फिकटच राहतो.

कुकीजचंही तुम्ही ओझरतं विचारलंय. तिथे लोणी लागतं, पण तूप नाही. लोण्यात थोडं पाणी असतं, तुपात नसतं. ते पाणीच कुकी मधोमध मऊ ठेवायला मदत करतं, तुपाची कुकी थेट नानखटाईच्या वाटेला जाते. १०० ग्रॅम लोणी (घरचं असेल तर दोनदा धुऊन ताक काढलेलं) वितळवून गार करा. त्यात १२० ग्रॅम गुळाची पूड, एक अंडं, १५० ग्रॅम पीठ, अर्धा छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ आणि १५० ग्रॅम खजूर. मळलं की तासभर फ्रीजमध्ये. मे महिन्यात हे टाळलं तर ट्रेवर एकच मोठी पोळी होते, माझी झालेली आहे. १७० वर दहा-बारा मिनिटं. कडा बसल्या आणि मधला भाग अजून ओलसर दिसला की काढा आणि ट्रेवरच निवू द्या.

मुलाला पाठवायचं म्हणता तर ऋतू बघा. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की ताटात उघडे ठेवलेले बार संध्याकाळपर्यंत कडेने कडक होतात. तेव्हा पूर्ण गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात, प्रत्येक थराखाली बटर पेपर. डब्यात ब्रेडची एक स्लाइस ठेवली की बार तिच्यातला ओलावा घेतात आणि स्लाइस टोस्टसारखी होते. दुसऱ्या दिवशी ती काढून टाका, नाहीतर तिलाच बुरशी येईल. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, बार घाम आल्यासारखे चिकट होतात. तेव्हा पिठीसाखरेत घोळवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. एसटीने डबा धाडणार असाल तर बारच पाठवा. लोण्याच्या कुकीज उन्हात मऊ पडतात आणि पोट्ट्याच्या हातात चुरा जातो.

आणि तो फोडलेला घाणा अजून टाकला नसेल तर टाकू नका. इडलीपात्रात चार-पाच मिनिटं वाफवले की बार पुन्हा मऊ होतात, पण लगेच खावे लागतात, निवले की परत तेच. ज्यांचा आधीच खलबत्त्यात चुरा झालाय तो अर्धा तास गरम दुधात भिजवा, दोन चमचे रवा तुपावर भाजून त्यात घाला आणि दाटसर होईपर्यंत शिजवा. साखर अजिबात घालू नका, खजुराची पुरते. वरून चिमूटभर सुंठ.